जळजळ आणि झडप

पित्ताची गोळी आपल्याकडे औषध राहिलेली नाही, किराणा झाली आहे. रांजणगाव एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून शिरूरला उतरणारा कामगार असो, की दौंड जंक्शनवर ड्यूटीचा निरोप आला की ताटावरून उठणारा रेल्वेवाला, दोघंही मेडिकलमधून एक पट्टी खिशात टाकतात. चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी दाखवतही नाही. अशी वर्षं जातात. मग कधीतरी पुण्याला दुर्बिणीची तपासणी होते, जठराचा वरचा भाग छातीकडे सरकल्याचं रिपोर्टात येतं आणि घरात एकच चर्चा सुरू होते: ऑपरेशन करायचं का?

हा प्रश्न फार लवकर विचारला जातो असं मला वाटतं. मुळात ही जळजळ ॲसिडचीच आहे का, हे विचारायचं राहून जातं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. गोळ्यांना दाद न देणारी जळजळ म्हणून पाठवलेले ३६६ जण त्यात होते. ओमेप्राझोल दोन आठवडे, दिवसातून दोनदा, जेवणाआधी नीट घ्यायला लावल्यावर ४२ जणांना आराम पडला. ९९ जणांच्या जळजळीचा ॲसिडशी संबंधच निघाला नाही. काही मधेच गळाले, काहींचं दुखणं निराळं निघालं. ऑपरेशन की औषध, ही निवड ज्यांच्यापुढे खरोखर होती, असे उरले ७८. त्यांच्यात मात्र ऑपरेशननं ६७ टक्क्यांना गुण आला, नेटानं औषधं दिलेल्यांपैकी २८ टक्क्यांना.

त्या ४२ जणांचे भाऊबंद आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतील. ॲसिड तयार करणारे पंप जेवणाच्या वेळी कामाला लागतात आणि ही गोळी चालू पंपच बंद करते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. आपण घेतो मिसळ खाऊन छाती पेटल्यावर. शिवाय ‘सकाळी उपाशीपोटी’ म्हणजे रात्रपाळीवाल्यानं नेमकं कधी, हे त्याला कुणी सांगत नाही.

गोळी ॲसिड कमी करते, जठराच्या तोंडाशी सैल पडलेली झडप मात्र दुरुस्त करत नाही. कांद्याच्या वाफ्यात वाकून खुरपणाऱ्या बाईच्या घशाशी दुपारची आमटी येते ती येतेच, फार तर कमी आंबट. तिला ‘वाकू नका’ सांगणं म्हणजे रोजगार सोडा म्हणणं. ऑपरेशनचा विचार करावा तो अशांनी. किडनी जाईल या धास्तीनं गोळी सोडून ऑपरेशनकडे धावणं मला पटत नाही. पँटोप्राझोल सुमारे तीन वर्षं देऊन १७ हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या चाचणीत आतड्याचे संसर्ग थोडे वाढले, बाकी धोका स्पष्ट दिसला नाही.

रुडॉल्फ निसेन यांनी १९५५ साली या दुखण्यावर ही शस्त्रक्रिया केली: जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालायचे. आता ती दुर्बिणीतून होते. पुढे काहींचं पोट फुगतं, ढेकर येत नाही, सुरुवातीला घास अडकतो. स्वीडनमधल्या २,६५५ रुग्णांपैकी १७.७ टक्क्यांचा त्रास काही वर्षांत परतला आणि त्यातले बहुतेक पुन्हा गोळीवर आले.

म्हणून आधी अन्ननलिकेचा दाब मोजावा आणि गरज असेल तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास ॲसिडची नोंद घ्यावी. अन्ननलिकेचा जोर कमी असेल तर घट्ट गुंडाळी अंगाशी येते. यासाठी सहसा पुणं गाठावं लागतं. ऑपरेशनसाठी कांदा विकून पैसे उभे करणारं घर या तपासण्यांना मात्र ‘उगाच खर्च’ म्हणतं. गंमत अशी, की त्या २४ तासांत पथ्य पाळायचं नसतं. रोजचं खायचं, रोजचं काम करायचं. नळी लावून त्या बाईनं खुरपं हातात घेतलं, तर नोंद जास्तच खरी येईल.