रकाना कशाचा, ओळ कशाची?

मढच्या किनाऱ्यावर डोल जाळ्याची होडी लागली की बायका मासळी निवडायला बसतात. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा यांच्या वेगळ्या पाट्या लागतात. ही आवक संगणकात ठेवायची, तर पहिल्यांदा सुचतं ते प्रत्येक मासळीला एक रकाना देणं. मग एके दिवशी ढोमा येतो आणि त्याला रकानाच नसतो. कुणीतरी तो वाढवतं. दुसऱ्या बंदराच्या तक्त्यात भलतेच रकाने असतात. या साऱ्यांची बेरीज करणाऱ्या प्रोग्रॅमला रकान्यांची नावं आधी ठाऊक असणं शक्यच नसतं.

यावर तंत्राजवळ इलाज आहे. माहिती तक्त्यांत ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० साली मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९८५ मध्ये जे नियम सांगितले, त्यांतला चौथा असा: डेटाबेसचं स्वतःचं वर्णनही तक्त्यांतच असावं आणि बाकीची माहिती ज्या भाषेत विचारतो त्याच भाषेत विचारता यावं. म्हणूनच पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘इन्फर्मेशन स्कीमा’कडून रकान्यांची यादी घेऊन आयत्या वेळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, रचता येते.

जोखीमही इथेच आहे. ‘४० किलो’ हे मूल्य क्वेरीच्या मजकुराबाहेर, पॅरामीटर म्हणून वेगळं पाठवता येतं. त्याची आज्ञा होत नाही. रकान्याचं नाव मात्र क्वेरीच्या मजकुरातच लिहावं लागतं. वापरणाऱ्यानं टाइप केलेलं नाव तसंच चिकटवलं, तर नावाच्या जागी तक्ता पुसण्याची आज्ञाही येऊ शकते. म्हणून आलेलं नाव आधी रकान्यांच्या यादीशी ताडून पाहावं, मगच अवतरणात बांधून वापरावं. यात सवलत नको.

तरीही अशी क्वेरी वारंवार लिहावी लागत असेल, तर दोष बहुधा तक्त्याच्या आखणीत असतो. ‘बोंबील’ ही माहिती आहे. तिला रकान्याचं नाव करून आपण ती रचनेत अडकवली. दिवस, मासळी, वजन असे तीनच रकाने ठेवले, तर ढोमा आल्यावर फक्त एक ओळ वाढते आणि बेरजेची क्वेरी बदलत नाही. याचंही टोक गाठू नये. तारीख, वजन, होडीचा नंबर असं सगळंच ‘गुणधर्म’ आणि ‘मूल्य’ या दोन रकान्यांत कोंबलं, तर वजनाच्या जागी शब्द आला तरी डेटाबेस अडवणार नाही.

मासळीगणिक रकाने ठेवले, की ज्याला रकाना नाही ते ‘इतर’मध्ये जातं आणि ‘इतर’वरून कुठलीच मासळी घटतेय की वाढतेय ते कळत नाही. मासळीच्या साठ्याविषयीचे निर्णय अशा नोंदींवर उभे राहतात. म्हणून तक्ता आखणाऱ्यानं आधी किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या बायकांना विचारावं. कुठली नावं रोज वाढणारी आणि कुठली बाब कायमची, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.