चर्च म्हणजे घर की मंडळी?

परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात उपासना आटोपल्यावर एका वृद्ध बाईंनी आम्हांस विचारिले, "पाळकबाबा, शहरात चर्च आहे, आमच्या येथे ही पत्र्याची छपरी. आम्हांला चर्च कधी मिळायचे?" तेव्हा हा शब्दच मुळापासून तपासावा, असे आम्हांस वाटले.

इंग्रजांचा 'चर्च', स्कॉटलंडचा 'कर्क' व जर्मनांचा 'किर्खे' हे एकाच कुळातले शब्द होत. ग्रीक भाषेत 'कुरिआकॉन' म्हणजे प्रभूचे. सुमारे चौथ्या शतकापासून उपासनेच्या घरास हे नाव पडले. नव्या करारात मात्र हे विशेषण प्रभूभोजनास व प्रभूच्या दिवसास लाविले आहे, घरास एकदाही नाही.

दुसरे कूळ 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दाचे. फ्रेंचांचा 'एग्लीज', पोर्तुगीजांचा 'इग्रेजा' व त्यापासून आलेली आपली 'इगर्जी' ही त्याची लेकरे. आज त्यांचाही अर्थ इमारत असा झाला आहे. मूळ अर्थ मात्र बोलावून जमविलेली सभा. अथेन्स नगरात नागरिकांच्या सभेस हेच नाव होते. पण तिच्यात स्त्रिया, दास व परके यांस स्थान नव्हते. प्रेषितांनी तोच शब्द दास व धनी, स्त्री व पुरुष यांच्या एकत्र मेळ्यास दिला. १५२६ साली विल्यम टिंडेल यांनी इंग्रजी नव्या करारात 'चर्च' न लिहिता जनसमुदाय या अर्थाचा शब्द घातला, त्यावर मोठा वाद माजला. १६११ च्या भाषांतरात 'चर्च' परत आला. मराठी शास्त्रात 'मंडळी' आहे, आणि घरच्या माणसांसही आपण मंडळीच म्हणतो.

तेव्हा प्रिय वाचकहो, छपरी लहान म्हणून मंडळी उणी होत नाही. परंतु अमक्या जातीतून आलेल्याने दाराशी बसावे, अमक्याच्या घरचे पाणी नको, असे जेथे चालते तेथे घर संगमरवरी असले तरी ती अथेन्सची सभा होय. गावकुसाबाहेर ठेविलेल्यांस ज्याने हाक मारून आत घेतले, त्याच्या नावाने आपण दुसऱ्यास बाहेर ठेवावे काय?

आम्ही त्या बाईंस म्हणालो, "आजी, चर्च मिळावयाचे नसते, ते तुम्हीच आहा. छपरी पुढे मोठी बांधू. आज दाराशी कोण बसले होते?"

बाई क्षणभर गप्प राहिल्या. पुढील रविवारी त्यांनी आपली सतरंजी दारापर्यंत ओढून नेली व तेथल्या कुटुंबाशेजारी बसल्या.