अधिकारभेद आणि मागे पडणाऱ्यांची वेगळी शाळा

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला नेहमीच्या वर्गातून काढून वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या शाळेत घालावे का, हा प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. कोणती पद्धत लागू पडते हे अनुभवाने ठरवता येते. पण वेगळे काढण्याचा अधिकार कोणाचा आणि वेगळे काढलेल्या मुलाचे समाज काय देणे लागतो, हे केवळ अनुभवाने ठरत नाही. भारतीय विचारात हा प्रश्न ‘अधिकारभेद’ या नावाने फार पूर्वीपासून चर्चिला गेला आहे.

शिकणाऱ्याची जशी तयारी तसा उपदेश, हे अधिकारभेदाचे तत्त्व. त्याची दोन रूपे शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातच आढळतात. पहिल्या सूत्रावरील भाष्यात ब्रह्मजिज्ञासेचा अधिकार विवेक, वैराग्य, शमदमादी षट्संपत्ती आणि मुमुक्षुत्व या चार साधनांवर अवलंबून ठेवला आहे. ही तयारी कमावता येते. आज ती नसलेल्याला उद्या येऊ शकते. त्याच अध्यायातील अपशूद्राधिकरणात मात्र शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार जन्मावरून नाकारला आहे आणि इतिहासपुराणांच्या श्रवणाची मोकळीक चारही वर्णांना दिली आहे. पर्यायी वाट तिथेही होती. तेव्हा पर्यायी वाट उपलब्ध असणे एवढ्यानेच न्याय सिद्ध होत नाही. मुख्य दार कोणत्या कारणाने बंद आहे आणि ते पुन्हा उघडते का, हे पाहावे लागते.

हाच भेद बौद्ध परंपरेतील चुल्लपंथकाच्या कथेत स्पष्ट होतो. ही कथा जातक आणि धम्मपद यांच्या अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली भाष्यांमध्ये, येते. चुल्लपंथक या भिक्षूला चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक स्वतः अर्हत, म्हणजे मुक्तीला पोहोचलेला, होता. या शासनात, म्हणजे बुद्धांच्या धर्ममार्गात, तुझी प्रगती होणार नाही, असे सांगून त्याने धाकट्याला घरी परत जाण्यास फर्मावले. बुद्धांनी त्याला थांबवून घेतले, हाती पांढऱ्या कापडाचा तुकडा दिला आणि ‘रजोहरण’ हा एकच शब्द म्हणत तो चोळत राहायला सांगितले. हाताच्या मळाने कापड काळवंडले तसे अनित्यतेचे तत्त्व त्याला उमगले आणि तो अर्हत झाला. एकाच विद्यार्थ्याबद्दलचे हे दोन निर्णय आहेत. भावाने पद्धत कायम ठेवली आणि विद्यार्थ्याला बाहेर काढले; बुद्धांनी विद्यार्थ्याला आत ठेवले आणि पद्धत बदलली. ध्येय मात्र इतर भिक्षूंचे होते तेच राहिले. अट्ठकथाकार चुल्लपंथकाच्या मंदपणाचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधतात: त्याने एका मंदबुद्धी भिक्षूची थट्टा केली होती. पण कापडाची योजना का लागू पडली, याचेही कारण ते त्याच्या पूर्वानुभवातच देतात. कर्मसिद्धांत मानूनही त्यांनी मंदपणाला अंतिम निकाल मानलेले नाही.

पंचतंत्राची चौकटही अशाच प्रसंगावर उभी आहे. अमरशक्ती राजाचे तीन मुलगे शास्त्राभ्यासाला विमुख होते आणि एकट्या व्याकरणालाच बारा वर्षे लागतात, असे दरबारात सांगितले जात होते. विष्णुशर्मा या पंडिताने सहा महिन्यांची मुदत घेऊन गोष्टींतून नीतिशास्त्र शिकवले. राजपुत्रांना झेपेल असा हलका विषय त्याने निवडला नाही. राजाला आवश्यक तोच विषय त्याने वेगळ्या वाटेने त्यांच्यापर्यंत नेला.

पाश्चात्य विचारात या चर्चेचा आरंभ ॲरिस्टॉटलपासून होतो. समानांना समान आणि असमानांना त्यांच्या भेदानुसार वागवणे हा त्याचा न्याय. मात्र कोणता भेद ग्राह्य धरायचा, हा खरा वाद तिथे सुरू होतो. जॉन रॉल्सने 1971 च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात विषमतेला जी अट घातली ती इथे उपयोगी पडते: सर्वांत मागे असलेल्याचे हित साधत असेल तरच सामाजिक आणि आर्थिक विषमता समर्थनीय ठरते. त्याच ग्रंथात आत्मसन्मानाला प्राथमिक हितांमध्ये वरचे स्थान आहे. म्हणून वेगळ्या वर्गात गणित सुधारले, पण ‘आपण शेवटच्या तुकडीतले’ ही समजूत मुलाच्या मनात पक्की झाली, तर त्या वर्गाचा हिशेब अर्धाच जुळला असे म्हणावे लागते.

दुसरा धोका अभ्यासक्रमाच्या निवडीत असतो. मागे पडलेल्यांना हातकाम आणि पुढे असलेल्यांना पुस्तकी विद्या अशी वाटणी झाली, की जातिव्यवस्थेतील श्रम आणि ज्ञान यांची फारकत शाळेत नव्याने उभी राहते. याउलट 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नई तालीमच्या योजनेत गांधीजींनी हस्तोद्योग सर्वच मुलांच्या शिक्षणाचे माध्यम मानला होता. पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रमही याच दिशेचा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला आणि शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलांना शेती, बांधकाम, वीज अशा प्रत्यक्ष कामांतून तंत्रज्ञान शिकवले. पुढे हीच पद्धत नियमित माध्यमिक शाळांमध्येही विषय म्हणून गेली. ‘अपयशी’ मुलांसाठी घडलेली रीत सर्वांना उपयोगी ठरते, तेव्हा दोष मुलांत होता की रीतीत, याचा विचार करणे भाग पडते.

हाच विचार इटलीतील बार्बियाना या डोंगराळ वस्तीत कॅथलिक धर्मगुरू लोरेंझो मिलानी यांनी टोकाला नेला. सरकारी शाळेने नापास करून घालवलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना ते तिथे शिकवत. 1967 मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले, मराठीत ‘प्रिय बाई’ या नावाने आलेले पुस्तक नापासांच्या यादीत गरिबांचीच मुले का असतात, असा जाब शाळेला विचारते. मागे पडणे हा नेहमी मुलाचा गुणधर्म नसतो. कित्येकदा तो शाळेची भाषा, वेग आणि मुलाच्या घरची परिस्थिती यांच्या विसंगतीचा परिणाम असतो.

भारतीय कायद्याने अधिकारभेदाचे पहिले, बदलते रूप स्वीकारले आहे. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 4 नुसार शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. केंद्राच्या नियमांत या प्रशिक्षणाची मुदत किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षे आहे. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच इयत्तेत ठेवण्याची मुभा दिली, तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकण्यास मनाई कायम आहे. दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी महाराष्ट्रात सतरा नंबरचा अर्ज भरतात. शिक्षण तुटलेल्यांसाठी ती मोलाची सोय आहे; पण निकालाची टक्केवारी राखण्यासाठी एखादी शाळा कच्च्या विद्यार्थ्याला तिकडे वळवत असेल, तर तीच सोय हकालपट्टी ठरते.

यावरून वेगळ्या व्यवस्थेच्या न्याय्यतेच्या चार कसोट्या निघतात. पहिली प्रयोजनाची: निर्णय मुलाच्या गरजेतून झाला की वर्गाच्या आणि शाळेच्या सोयीसाठी? दुसरी ध्येयाची: पद्धत बदलली, की मुलाबद्दलची अपेक्षाच खाली आणली? तिसरी संमतीची: मूल आणि पालक यांना कारण समजावून त्यांचे म्हणणे ऐकले का? चौथी परतीची: ठरावीक मुदतीने फेरतपासणी होऊन मूळ वर्गात येण्याची वाट खुली आहे का? या कसोट्यांना उतरणारी वेगळी शाळा समतेला बाधा आणत नाही. न उतरणारी शाळा कितीही सुसज्ज असली, तरी तिथे अधिकारभेदाचे दुसरे, दार बंद करणारे रूपच चालू राहते.