हरणार हे ठाऊक असताना

मार्च 1912. कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात नामदार गोखले प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकावर बोलत होते. विधेयक पडणार हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि सभागृहात त्यांनी ते बोलूनही दाखवले. सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत होते. विरोधात काही हिंदी सभासदही होते. मागणी फार मोठी नव्हती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याची मुभा नगरपालिका आणि लोकल बोर्डांना मिळावी, तीही सरकारच्या मंजुरीने, आणि दहा रुपयांहून कमी मासिक प्राप्ती असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये. विधेयक नुसते चिकित्सा समितीकडे पाठवायचे होते. 13 विरुद्ध 38 मतांनी तेही नाकारले गेले.

मला थक्क करते ती त्यांची तयारी. पडणारच आहे म्हणून त्यांनी एकही आकडा सैल सोडला नाही. इंग्लंड, जपान, सयाजीरावांचे बडोदे, सगळीकडचा हिशेब मांडला. ही त्यांची जुनी शिस्त. 1902 च्या अर्थसंकल्पावर बोलताना सरकारचेच आकडे हाती घेऊन त्यांनी दाखवून दिले होते, की तिजोरीतली शिल्लक हे रयतेच्या सुबत्तेचे नव्हे, जादा करांचे फळ आहे. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता. तो 1903 पासून टप्प्याटप्प्याने उतरत 1907 साली एक रुपयावर आला. गरिबाच्या भाकरीला लागणारे मीठ स्वस्त झाले, त्यात या चिकाटीचा वाटा होता.

मवाळ म्हणून त्यांची हेटाळणी झाली, अजूनही होते. विधेयकाची सुरुवात मुलांपासून होती, मुली पुढच्या टप्प्यावर ठेवल्या होत्या. ही उणीव मला डाचते. पण यश दिसत नसले की आपण काम अर्ध्या मनाने करतो. अर्ज टाकायचा म्हणून टाकतो, सभेत बोलायचे म्हणून बोलतो आणि पुढे हरल्याचा दोष समोरच्यावर ढकलतो. गोखल्यांनी ती पळवाट ठेवली नाही. मधुमेहाने शरीर पोखरले होते, तरी त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गांधींच्या लढ्यासाठी गेले.

19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मुंबई इलाख्यात नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करू देणारा कायदा विठ्ठलभाई पटेलांनी 1918 मध्ये मंजूर करून घेतला.