तोकड्या पुराव्याचे मोल

‘पुरेसा पुरावा नाही’ असे वैद्यकीय आढाव्यात वाचले की आपण त्याचा अर्थ ‘उपयोग नाही’ असा लावून मोकळे होतो. खाण्याच्या विकारांत ही चूक महागात पडते. ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ फिलिपा हे (Hay) आणि सहकाऱ्यांनी कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेसाठी केलेले दोन पद्धतशीर आढावे शेजारी ठेवून पाहावेत. २००९च्या आढाव्यात बुलिमिया (अनावर खाऊन मग ते उलटी वगैरे करून बाहेर काढण्याचा विकार) आणि अनावर खाण्यावरील मानसोपचारांच्या ४८ चाचण्या होत्या, रुग्ण ३,०५४. कौल सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वर्तन बदलू पाहणाऱ्या उपचाराच्या बाजूने पडला. २०१५चा आढावा मुख्यतः प्रौढांच्या अ‍ॅनोरेक्सियावर, म्हणजे उपाशी राहून वजन घटवत नेणाऱ्या विकारावर, बाह्यरुग्ण म्हणून दिलेल्या मानसोपचारांचा. तिथे हाती लागल्या १० चाचण्या आणि ५९९ रुग्ण; अमुक उपचार सरस, असे म्हणता आले नाही. चाळणी तीच होती, धान्यच कमी पडले.

ते कमी का पडते, याचे उत्तर बरेचसे आजारातच आहे. वजन वाढणे हीच ज्या रुग्णाची भीती, तो वजन वाढवणाऱ्या चाचणीत टिकावा कसा? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅनोरेक्सियावरील एका अमेरिकी चाचणीत फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरील औषध आणि सीबीटी यांची तुलना होती. १२२पैकी ५६ जण मध्येच सोडून गेले. टिकलेल्यांचीच सरासरी काढली, तर आकडा उपचाराविषयी कमी आणि टिकणाऱ्यांच्या स्वभावाविषयी जास्त बोलतो. लहान चाचण्यांचा मोह तर वेगळाच. वजन भरून आल्यावर फ्लुओक्सेटिन दिले तर आजार उलटत नाही, अशी आशा २००१च्या ३५ रुग्णांच्या चाचणीने निर्माण केली होती. २००६मध्ये न्यूयॉर्क आणि टोरंटोतील ९३ रुग्णांवर, सर्वांना सीबीटी देऊन, तेच औषध तपासले गेले आणि निष्क्रिय गोळीपेक्षा ते सरस ठरले नाही. एकट्या चाचणीवर विसंबू नये, हे सांगायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

प्रत्येक रुग्ण निराळा, सरासरीने त्याचे काय भले होणार, असा डॉक्टरांचा आक्षेप असतो. पण निराळेपण ओळखायलाही तुलनाच लागते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील १९८७च्या चाचणीत ८० रुग्ण होते. कुटुंबोपचाराचा ठळक लाभ दिसला तो लहान वयात आजार सुरू होऊन तीन वर्षे न झालेल्या अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत. पुढे कोक्रेनच्या आढाव्यात अशा उपचाराच्या २५ चाचण्या जमल्या, तरी पुराव्याचा दर्जा कमीच ठरला. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१७मध्ये मुलांसाठी मात्र कुटुंबोपचारालाच पहिले स्थान दिले. यात विसंगती नाही. या आजारात जीव जातो. खात्री होईपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच, आणि बहुधा सर्वांत वाईट.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: जे अभ्यासलेच गेले नाही, ते आढाव्यात येणार कुठून? हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी अ‍ॅनोरेक्सियाचे असे रुग्ण दाखवून दिले, ज्यांना जाड होण्याची भीती नव्हती. ते पोट फुगल्याचे, भूक नसल्याचे सांगत. ही भीती निदानाची अट मानली, तर असा रुग्ण चाचणीच्या दारातच गळतो. भारतात उपवास, पथ्य आणि पोटाच्या तक्रारी यांआड उपासमार सहज लपू शकते, म्हणून परदेशी निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावणे धोक्याचे. आढाव्याने दाखवलेली रिकामी जागा संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी आधी वाचावी: भारतीय रुग्णांना घेणाऱ्या, अनेक केंद्रांत चालणाऱ्या आणि मध्येच सोडून गेलेल्यांचाही माग ठेवणाऱ्या चाचण्यांना निधी द्यावा.