खिम्याचे १८० रुपये

प्रामाणिकपणा हा मोठा सद्गुण आहे याविषयी माझं कधीच दुमत नव्हतं. तो दुसऱ्याच्या अंगी असावा, असं तर मला लहानपणापासून वाटत आलं आहे. स्वतःच्या अंगी तो नेमका किती आहे, हे मोजायची वेळ मात्र फारशी आली नव्हती. ती आली नागपुरात, एका सावजी भोजनालयात, डोळ्यांतून आणि नाकातून एकाच वेळी पाणी वाहत असताना.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. सावजी म्हणजे हलबा कोष्ट्यांच्या चुलीवरचा रस्सा. ही मंडळी विणकर. दिवसभर मागावर बसायचं आणि रात्री पोटात जाळ घालायचा. १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. ती गिरणी आता नाही, तिच्या जागेवर मॉल आहे. पण इतवारी, महाल, गोळीबार चौक या भागांतली सावजी भोजनालयं काही हटली नाहीत. कापड माणूस कुठूनही घेतो, रस्सा घेत नाही. सुकं खोबरं, खसखस, दगडफूल आणि मिरची यांचं ते काळपट वाटण, त्यावर बोटभर तर्री. पूर्वी तेलही जवसाचं असे. ताटाबरोबर मटण, खूर, खिमा, कलेजी, सुंदरी असं जे हवं ते. सुंदरी म्हणजे काय, हे पाहुण्याला जेवण झाल्यावर सांगावं.

तर असाच एक पाहुणा माझ्याकडे आला होता. पुण्याचे माझे साडू. डिसेंबरचे दिवस. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू. त्या दिवसांत अख्खा महाराष्ट्र आपापलं गाऱ्हाणं घेऊन नागपुरात उतरतो आणि संध्याकाळी सावजीत जाऊन रडतो. आमच्या घराजवळच्या भोजनालयात मी साडूंना नेलं. सोबत शेजारचे वकील आणि माझा भाचा. सनमायक्याची टेबलं, स्टीलचे पेले, भिंतीवर गणपती आणि 'उधार बंद'. स्वस्त आणि मस्त. साडूंनी पहिल्या घासाला "छान आहे" म्हटलं, दुसऱ्याला काहीच म्हटलं नाही आणि तिसऱ्याला पाण्याचा जग स्वतःकडे ओढून घेतला.

इथे बिल कागदावर येत नाही. वाढणारा पोरगा ताटांकडे एक नजर टाकतो आणि गल्ल्याच्या दिशेनं आरोळी ठोकतो. आमच्या टेबलावरून आरोळी गेली, "चार मटन, दोन भात, अकरा रोट्या!"

खिमा राहिला होता. एक प्लेट खिमा, रुपये १८०. भाच्यानं एकट्यानं संपवलेला.

मला ते ताबडतोब कळलं. आपल्याला हे नेहमी ताबडतोब कळतं. रोट्या बारा म्हटला असता तर आम्ही चौघं एका सुरात "अकरा!" ओरडलो असतो. आता चौघंही एकदम बडीशेप निवडू लागलो. मी पैसे दिले. बाहेर पानठेल्यापाशी आल्यावर साडू म्हणाले, "खिमा धरला नाही वाटतं त्यानं." म्हणजे त्यांनाही कळलं होतं. रडत्या डोळ्यांनीसुद्धा.

वकील म्हणाले, "हिशेब करणं हे विक्रेत्याचं काम. आपण काही लपवलं नाही." साडू म्हणाले, "एवढा गल्ला होतो त्यांचा. १८० रुपयांनी काय होतंय?" भाचा म्हणाला, "मामा, मी खिमा सांगितलाच नव्हता, त्यानंच आग्रह केला." प्रत्येकाजवळ एकेक तत्त्वज्ञान तयार होतं. माझ्याजवळ नव्हतं, कारण मी ते तिघांचं मिळून वापरायचं ठरवलं होतं.

घरी येऊन मोठ्या विनोदानं ही गोष्ट हिला सांगितली. ही हसली नाही. चहा गाळता गाळता एवढंच म्हणाली, "अहो, आणि त्या पोराच्या पगारातून कापले तर?"

संपलं. झोप गेली. तोवर माझ्या डोळ्यांसमोर भोजनालय होतं, गल्ला होता, सोन्याच्या अंगठ्यांचा मालक होता. पोरगा नव्हताच. असेल वीस वर्षांचा. खांद्यावर फडकं, हातावर एकावर एक चार ताटं, आणि डोक्यात दहा टेबलांचा हिशेब. माझ्या डोक्यात घरचं किराणा सामान राहत नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटातला कांट काढला. बी. ए.ला होता, परीक्षेपुरता. या जर्मन गृहस्थानं १७८५ सालच्या आपल्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. हा दुकानदार अडाणी गिऱ्हाईकालाही फसवत नाही. पण का फसवत नाही? तसं केल्यानं धंदा नीट चालतो म्हणून. मग कांट म्हणतो, हे वागणं बरोबर आहे, पण याला नैतिक मोल नाही. मी पुढची पानं चाळली. दुकानदार चुकला आणि गिऱ्हाईक गप्प बसलं तर काय, हे काही मला सापडलं नाही. जर्मनीत दुकानदार चुकत नसावेत. एक मात्र खरं, या माणसाला घरी चार माणसं बोलावून जेवू घालायची भारी हौस होती, आणि मोहरी तो म्हणे स्वतः वाटायचा. म्हणजे तिखट त्याला अगदीच परकं नव्हतं.

त्या पुस्तकानं मला फार छळलं. पैसे द्यायला जायचं तर मी ठरवलं होतं, पण का? पोराची काळजी म्हणून? की न देता त्या भोजनालयात पुन्हा तोंड कसं दाखवायचं म्हणून? खरं सांगू का, मला त्या रश्श्याशिवाय राहवत नाही. म्हणजे मी कांटचा दुकानदारच निघालो, फक्त काउंटरच्या अलीकडचा. आणि तिसरं कारण याहून वाईट होतं. मी पैसे परत दिल्यावर मालकाचा चेहरा कसा होईल, तो काय म्हणेल, यांचं चित्र मी दोन दिवस मनात रंगवत होतो. १८० रुपयांत एवढं कौतुक स्वस्तच म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी गेलो. पोऱ्याला बाजूला घेतलं, नोटा त्याच्या हातावर ठेवल्या आणि जरा मोठ्यानं, म्हणजे गल्ल्यापर्यंत जाईल अशा बेतानं म्हटलं, "परवा माझ्या बिलात खिमा राहिला होता. तुझे पैसे तर नाही ना कापले?"

तो नोटांकडे पाहत राहिला. म्हणाला, "नाही जी. माहे काहून कापतीन? तो खिमा लागला ना बिलात."

"आमच्या नाही लागला रे."

"तुमच्या नाही जी, बाजूच्या टेबलाच्या लागला. रात्री ध्यानात आलं. पांढरा सफारीवाला होता ना, लय पानी पेत होता? त्याच्यात. त्यानं देऊन टाकले."

मालकानं गल्ल्यावरून मान हलवली. हिशेब जुळला होता. पोराची चिंता मिटली होती. आता फक्त माझ्या हातात १८० रुपये होते आणि ते या भोजनालयात कुणाचेच नव्हते. शिवाय माझा एक सिद्धांतही कोसळला होता. जास्तीचं बिल माणसाला ताबडतोब कळतं म्हणे! त्या सफारीवाल्याला कुठे कळलं? त्याला त्या घटकेला आपलं नाव तरी आठवत होतं की नाही, कुणास ठाऊक.

"अधिवेशनाले आलता तो," मालक म्हणाले. "पुढच्या डिसेंबरात येईनच. तवा द्या."

नोटा मी पाकिटात घालून गणपतीच्या फोटोमागे ठेवायला सांगितल्या. मालकांनी ठेवल्या. त्यांना यात काही विशेष वाटलं नाही. कौतुकही त्यांनी केलं नाही.

वर्ष गेलं. अधिवेशन आलं. मी तीन दिवस लागोपाठ तिथे जेवलो. पांढऱ्या सफारीतले सात जण मोजले. सातही जण रडत होते. शेवटी धीर करून त्यातल्या त्यात जास्त पाणी पिणाऱ्यापाशी गेलो आणि विचारलं, "मागच्या डिसेंबरात आपण इथे एका खिम्याचे पैसे जास्तीचे दिले होते का?"

त्यांनी रुमालानं डोळे पुसले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हात पुढे केला.

"लेखी अर्ज आणलाय का?"

पाकीट अजून फोटोमागेच आहे.