अनुमन्ता: जो बघतो आणि अडवत नाही



आजचा श्लोक गीतेच्या तेराव्या अध्यायातला बाविसावा. (तुमच्या प्रतीत तेविसावा असेल. काही प्रतींत या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्न जास्तीचा आहे, त्यामुळे आकडा एकने सरकतो.) याच देहात राहणाऱ्या परमपुरुषाला भगवंत इथे एकामागून एक नावं देतात. उपद्रष्टा, अनुमन्ता, भर्ता, भोक्ता, महेश्वर, परमात्मा. मी पहिल्या दोन नावांवरच अडकलो, म्हणून आज तेवढंच.

उपद्रष्टा म्हणजे जवळ बसून बघणारा. अनुमन्ता म्हणजे अनुमती देणारा. आमच्या कामाच्या भाषेत पहिला म्हणजे लॉग आणि दुसरा म्हणजे अप्रूव्हल देणारा, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं होतं. उदाहरण सुटसुटीत आहे, पण दुसऱ्या नावापाशी ते फसतं. शंकराचार्यांनी भाष्यात अनुमन्ताचा एक अर्थ असा दिलाय की, जो तो आपापल्या व्यापारात गुंतलेला असताना हा साक्षी असूनही कधीच कुणाला अडवत नाही. म्हणजे आतून कुणी 'थांब' म्हणालं नाही, याचा अर्थ आतून 'बरोबर आहे' असा कौल मिळाला, असा होत नाही. हे मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं.

झालं असं. मागच्या वर्षी एका शुक्रवारी रात्री आमचं रिलीज होतं. एका कॉन्फिग फाइलमधला आकडा मी घाईत बदलला आणि आमच्या ज्युनिअरला म्हटलं, कर डिप्लॉय. सिस्टिम अडीच तास बंद पडली. सोमवारी मीटिंगमध्ये विचारणा झाली, तेव्हा तो म्हणाला, "डिप्लॉय मीच केलं होतं." जे खरंच होतं. पुढचं वाक्य मी बोलायचं होतं. मी बोललो नाही. कॅमेरा बंद होता माझा. दोन महिन्यांनी त्याचं अप्रेझल झालं आणि त्यात त्या रात्रीची नोंद आली.

मधल्या काळात माझा नित्यपाठ चालू होता, हरिपाठ चालू होता, हा ब्लॉगसुद्धा चालू होता. आतून काही आवाज येतो का म्हणून मी रोज वाट बघायचो. आला नाही. मला वाटलं शहरात गोंगाट फार, म्हणून. पौषात दोन दिवस सुट्टी काढली, कसाऱ्याला उतरलो आणि विहीगाववरून खोडाळ्याच्या वाटेने सूर्यमाळला जाऊन राहिलो. मोखाडा तालुक्यातलं उंचावरचं गाव. नाचणी-वरईची शेतं कापून झालेली, पहाटे अंगावर दोन घोंगड्या घेतल्या तरी दात वाजत होते, आणि मोबाइलला रेंज नाही. मला हवी होती तशी शांतता.

त्या शांततेत काय ऐकू आलं सांगू? माझेच युक्तिवाद. त्याने डिप्लॉय करण्याआधी तपासायला हवं होतं. आता बोलून काय होणार? त्याला दुसरीकडे नोकरी मिळेलच. सगळं इतक्या मृदू, समजूतदार आवाजात, की कुणालाही हाच अंतर्यामी वाटावा. आपला आवाज देवाच्या आवाजाची नक्कल फार छान करतो. मोखाड्याच्या बोहाड्यात देवाचा मुखवटा चढवलेला माणूस नाचतो, पण गावाला ठाऊक असतं की आज सोंग कुणी घेतलंय. माझ्या सोंगापुढे प्रेक्षक मी एकटाच.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते. त्या दिवसांत या बाजूच्या रस्त्यांवर पायी चाललेले वारकरी दिसतात. मला पाच-सहा जण दिसले, आणि लहानपणी ऐकलेली कथा आठवली. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालू असताना वाघ आला, सगळे पळाले, लहानगे निवृत्तिनाथ चुकले, एका गुहेत शिरले आणि तिथे त्यांना गहिनीनाथ भेटले. वाट चुकलेल्याला गुरू भेटतो, याचा मला केवढा आधार वाटायचा! त्या दिवशी मात्र लक्षात आलं की मी वाट चुकलेलोच नाही. वाट मला नीट ठाऊक आहे. मी फक्त उभा आहे.

संध्याकाळी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांनी चहा देताना सहज विचारलं, "काय भाऊ, एकटंच? सुट्टी कशाची काढली?" मी पटकन म्हणालो, "तब्येत बरी नव्हती जरा." त्यांनी मान डोलावली आणि गेले. मंडळी, या खोट्याने मला एक पैशाचा फायदा नव्हता. त्या माणसाला माझ्या ऑफिसशी देणंघेणं नव्हतं. तरी तोंडातून सवयीने खोटंच आलं. आणि ते येताना मला कुणीतरी बघितलं. रागाने नाही, अडवण्यासाठी नाही. नुसतं बघितलं. तोच मीटिंगमध्येही होता, बंद कॅमेऱ्याच्या अलीकडे. मी एवढे महिने त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो, आणि त्याचं पहिलं नावच 'बघणारा' आहे.

इथे थोडं आडवळण. आमच्या टीममध्ये लागोसचा एक जण आहे, घराण्याने योरुबा. त्याच्याकडून मला 'ओरी' हा शब्द कळला. ओरी म्हणजे डोकं, पण आतलं डोकं, प्रत्येकाचं स्वतःचं दैवत. त्यांच्या परंपरेत जन्माआधी माणूस अजाला नावाच्या कुंभाराकडे जाऊन स्वतःचं ओरी निवडतो. काही मडकी नीट भाजलेली, काहींना तडा. निवडून खाली येतो आणि काय निवडलं ते विसरतो. मग इफाच्या पुरोहिताकडे जायचं, तो पामच्या सोळा बियांनी आठ खुणा मांडतो, प्रत्येक खूण एकेरी किंवा दुहेरी, त्यातून 256 ओडू. (हो, आठ बिट. मीही हे ऐकून खुर्चीतून उठलो होतो.) आपली दैवतं आणि त्यांची दैवतं एकच, असलं काही मला म्हणायचं नाही. पण दोन गोष्टी मनात राहिल्या. एक, ज्याला ओरीची संमती नाही ते कुठलंही दैवत तुम्हाला देऊ शकत नाही, असं ते मानतात. म्हणजे अनुमन्ता तिथेही आहे, आणि तोही आतच. दुसरी गोष्ट इफाच्या एका कथेतली. सगळी डोकी जमून बेत करतात, पायांना बोलवत नाहीत, आणि बेत तडीला जात नाही. चांगलं ओरी निवडलेल्यालाही पाय लागतात.

मी ज्ञानेश्वरी काढायला हात पिशवीत घातला होता. ती तशीच ठेवली आणि अंधारात खोडाळ्याच्या रस्त्याला लागलो, रेंज मिळेपर्यंत. एका वळणावर दोन काड्या दिसल्या. तिथेच दगडावर बसून त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आवाज कापत होता, थंडीने म्हणा हवं तर.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, लॉग मी त्याच रात्री बघितला होता."

त्याला माहीत होतं. एवढे महिने रोज सकाळी तो मला गुड मॉर्निंग म्हणत होता.

सोमवारी मी मॅनेजरला मेल लिहिला आणि त्याला कॉपीत ठेवलं. माझ्या नावावर जे यायचं ते आलं. त्याचं अप्रेझल मात्र तोवर बंद झालं होतं, ते पुन्हा उघडण्यासाठी मी दोनदा लिहिलंय, अजून उत्तर नाही. या आठवड्यात तिसऱ्यांदा लिहीन. ही पोस्ट आधी त्याला वाचायला दिली होती. त्याने एकच दुरुस्ती सांगितली: सिस्टिम अडीच नाही, पावणेतीन तास बंद होती.

उद्या 'भर्ता'.

राम कृष्ण हरी.